आमचे देव पाण्यात होते तेव्हा

आमच्या घरात सकाळी दोन आवाज एकदम सुरू व्हायचे. आतल्या खोलीत आईची घंटा आणि बाहेरच्या खोलीत अप्पांचं भाषण. अप्पा म्हणजे माझे वडील. खिडकीच्या गजाला टांगलेल्या आरशासमोर गालाला फेस लावून ते उभे असायचे आणि घंटा वाजली रे वाजली की मोठ्याने विचारायचे, "उठला का तुझा देव? चहा टाक त्याला." आई आतून म्हणायची, "तो कधीचाच उठलाय. तुम्हाला उठवायला वाजवतेय." हे रोज. डोंबिवली पूर्वेला एका चाळीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि शेजारची भिंत इतकी पातळ होती की हा कार्यक्रम त्यांनाही फुकटात ऐकू जायचा. एखाद्या दिवशी सर्दीने अप्पांचा घसा बसला तर पलीकडून चौकशी व्हायची, आज एवढं शांत कसं, देव आहे असं ठरलं की काय.

अप्पा ठाण्याला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे दिसत नाही, ऐकू येत नाही, तपासून बघता येत नाही, ते मानायचं नाही. "उद्या मी साहेबाला सांगितलं की फाइल आहे, पण दिसत नाही, तर साहेब काय म्हणेल?" हा त्यांचा आवडता दाखला. आई रत्नागिरीकडची, सातवी शिकलेली, पण वादात एक पाऊल मागे यायची नाही. तव्यावर घावणं टाकता टाकता ती उत्तर द्यायची. वारा दिसतो का? अप्पा म्हणायचे, पानं हलतात. भूक दिसते का? अप्पा म्हणायचे, पोट दिसतं, माझं तर सगळ्या चाळीला दिसतं. मग आई घावण्याची घडी करून त्यांच्या ताटात टाकायची, वर नारळाचा रस ओतायची, आणि अप्पा जेवायला लागले की वाद तिने जिंकला असं आम्ही धरायचो. हरणाऱ्याचं तोंड भरलेलं असायचं, त्यामुळे तक्रार कोण करणार.

आता हे लिहायला बसले तर मला ते घावण्याचं जाळीदार टोकच आधी आठवतंय, युक्तिवाद नंतर. म्हातारपणी असंच होत असावं. परवा नातीला सांगत होते तर ती म्हणाली, "आज्जी, तू देवाचं सांगत होतीस ना, मधेच रेसिपी कुठून आली?" तिला काय सांगू, आमच्याकडे ते एकाच खोलीत होतं.

आईचे देव म्हणजे मोजून चौघं. एक पितळेचा बाळकृष्ण, गुडघा घासून गुळगुळीत झालेला. एक अन्नपूर्णा, एक गणपती आणि कुलदेवीचा चांदीचा टाक. सगळे मिळून आईच्या ओंजळीत मावायचे. अप्पांचा नियम असा की त्या कोपऱ्याकडे बघायचंच नाही. बघितलं तर मान दिल्यासारखं होतं म्हणे. त्यामुळे आईने देव्हाऱ्याला नवा रंग दिला तेव्हा तो त्यांना दिवाळीपर्यंत कळला नव्हता.

अशा घरात मी वाढले आणि वाढता वाढता प्रेमात पडले. तेव्हा मी ठाण्याला नौपाड्यात एका वकिलाकडे टायपिस्ट होते. मला अधूनमधून चक्कर यायची म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला त्याच गल्लीतल्या लॅबमध्ये पाठवलं. तिथे मिलिंद होता. मिलिंद गमरे. त्याने माझ्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला आणि म्हणाला, "घाबरू नका, रक्त चांगलं लाल आहे, पण नुसतं लाल असून भागत नाही." मला इतकं हसू आलं की दुसरा थेंब काचेऐवजी त्याच्या पांढऱ्या कोटावर पडला. मग गोळ्यांनी फरक पडला का ते बघायला गेले. मग फरक टिकला का ते बघायला गेले. मग माझी चक्कर पूर्ण बरी झाली, तरी मी जातच होते. शेवटी तोच म्हणाला, "नंदा, तुझ्या बोटांना आता जागा उरली नाही, आपण चहा पिऊया का?" त्या दिवसांत मी रस्त्याने चालताना स्वतःशीच हसायचे. रिक्षावाले हॉर्न मारून बाजूला व्हायला सांगायचे आणि मी त्यांनाही हसून दाखवायचे. मिलिंदच्या घरचे बौद्ध, मूळचे चिपळूणकडचे. डोंबिवलीतच, पण पश्चिमेला राहायचे. वडील लहानपणीच गेलेले. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत बाई.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मी घरात सांगून टाकलं. सांगताना हसू फुटत होतं, इतकी मी बावळट. आईने सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "त्यांच्याकडे देव नसतात ना?" मी म्हटलं, नसतात, त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा तशी प्रतिज्ञाच केलीये, आणि त्याची आई त्याबाबतीत फार कडक आहे. आई "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला उठली. मी मोठ्या आशेने अप्पांकडे वळले. म्हटलं, इथे तरी प्रश्न नाही, उलट जावई विचारांचा मिळतोय. तर अप्पांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "माझी वैयक्तिक हरकत काहीच नाही. पण लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "कोण लोक?"

"लोक म्हणजे लोक. समाज."

"दाखवा."

"काय दाखवा?"

"लोक. कुठे राहतात, कसे दिसतात? शेजारचे म्हणत असाल तर त्यांना मी आत्ता विचारून येते."

"नंदू, चावटपणा नको. लोक असे दाखवता येत नाहीत. पण ते असतात. त्यांचं लक्ष असतं आपल्यावर. आपण चुकलो की त्याची फळं भोगावी लागतात."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. आई तिथूनच म्हणाली, "हेच मी लग्न झाल्यापासून सांगतेय." मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. अप्पा तरातरा गॅलरीत निघून गेले. जन्मभर ज्याने न दिसणाऱ्या देवाला कागदपत्रं मागितली, तो माणूस न दिसणाऱ्या लोकांपुढे लोटांगण घालून मोकळा झाला होता, आणि माझं लग्न त्यात अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यात बघितलं तर नुसती समई. खाली कोपऱ्यात आईची पितळी कळशी, तिच्यावर घट्ट बसणारं झाकण, झाकणावर जास्वंदीचं फूल. आईने देव पाण्यात ठेवले होते. आमच्याकडे कुणाच्या जिवावरचं दुखणं असलं किंवा काही फार मोठं मागायचं असलं तरच हे करतात. मागणं पुरं होईपर्यंत देवांनी पाण्यात बसायचं. काय मागितलंय ते कुणाला सांगायचं नाही, विचारायचंही नाही. मला विचारायची गरजही वाटली नाही. मागणं काय असणार ते मला उघड दिसत होतं. आईने माझं लग्न मोडावं म्हणून देवांना पाण्यात बुडवलं, असं मी धरून चालले. आणि ती आई, बरं का, दिवसभर माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, सोलकढी हवी का विचारत होती. मला तिचा राग आला आणि सोलकढी प्यायलाही मिळाली. त्या वयात दोन्ही एकदम जमतं.

आता कळशीच का, तर त्याचं कारण पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं. पातेली, बादल्या, हंडे, पिंप, लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा भरून ठेवायचो. दारापासून मोरीपर्यंत भांड्यांची रांग असायची आणि पाहुणा आला की तो पाय कुठे ठेवू असं विचारत आत यायचा. अशा घरात देवांसाठी अडवून ठेवायला वेगळं भांडं नव्हतं. आईकडे माहेरून आलेल्या कळशांची जोडी होती, एकसारख्या एक. तिने एक देवांना दिली, एक पिण्याच्या पाण्याला राहिली. घंटा आता कळशीपुढे वाजायला लागली. आणि अप्पांचं भाषण नेहमीप्रमाणे चालू, "तिथे काही नाही, तुला कितीदा सांगू, तिथे काहीच नाही." देव्हारा खरोखरच रिकामा होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मग खडवलीहून मावशीचा निरोप आला. मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. आई रविवारी पहाटे गेली, जाताना मला डोळ्यांनीच कोपरा दाखवून गेली. आणि अप्पांनी, खरं तर माझ्या सारख्या फुगलेल्या तोंडाला कंटाळून, त्याच दिवशी मिलिंदला घरी बोलावलं. "येऊ दे, बघू तरी," म्हणाले. तो दुपारी आला. सायकल खाली लावून, केस पाण्याने चापून, हातात चिकूंची पिशवी. मी कांदेपोहे करायला आत पळाले आणि मोहरीऐवजी मेथी तडतडवली.

बाहेर दोघांची जी काही जमली, विचारू नका. अप्पांना आयुष्यात पहिल्यांदा घरात बसून त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस मिळाला होता. ते म्हणायचे देव नाही, मिलिंद म्हणायचा बरोबर आहे काका. अप्पा आणखी एक पुरावा द्यायचे, मिलिंद त्याहून भारी द्यायचा. आईचा एक दाखला होता, जंतू कुठे दिसतात, तरी ताप येतोच ना. अप्पांना त्याचं उत्तर कधी सुचलं नव्हतं. मिलिंद म्हणाला, "काका, मी रोज बघतो जंतू. लॅबला या, दाखवतो." अप्पांनी मांडीवर थाप मारली. दोघं एकमेकांना पटलेलंच पुन्हा पुन्हा पटवत होते आणि आत मी कडू पोह्यांवर साखर भुरभुरत होते. वाटलं, झालं, जमलं.

तेवढ्यात मिलिंदने अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, राग मानू नका. तुम्ही देव मानत नाही, कारण तो दिसत नाही. मग जात कशी मानता? माझ्या मायक्रोस्कोपखाली एवढं रक्त येतं, मला ती कधीच दिसली नाही."

अप्पा अडकित्ता उघडमीट करत म्हणाले, "मी मानत नाही रे." मिलिंदने पोहे खाल्ले, सगळे खाल्ले, त्यासाठी मी त्याला अजून मानते. मग उठला. म्हणाला, त्यांच्याकडे पाइप फुटलाय, कालपासून थेंब नाही, टँकर येणार आहे तर रांगेत उभं राहायला हवं, आई एकटीच आहे. चपला घालून तो जिन्याकडे वळला आणि अप्पा ताडकन उभे राहिले. "थांब." मी आतून ऐकलं. "आमच्याकडे पाणी आहे. घेऊन जा." काहीतरी खणखणलं. मी कढई खाली ठेवून बाहेर येईपर्यंत अप्पा स्वतः भरलेली कळशी खांद्यावर घेऊन जिना उतरत होते, सगळी चाळ गॅलरीत उभी होती, आणि अप्पा मुद्दाम सावकाश उतरत होते. "गमरेंकडे पाणी नाहीये," प्रत्येकाला सांगत होते, "गमरेंकडे. आमच्या नंदूचं ठरतंय तिथे." कळशी त्यांनी मिलिंदच्या कॅरिअरला दोरीने बांधली. मी गॅलरीतून पदर तोंडात कोंबून बघत होते. माझे अप्पा लोकांना घाबरायचे थांबले होते. मला वाटलं, मी आता उडून जाईन.

आत आले, नाचतच आले, आणि कोपऱ्यात बघितलं. जास्वंदीचं फूल जमिनीवर पडलं होतं. कळशी नव्हती.

अप्पा वर आले ते शीळ घालत. मी म्हटलं, "अप्पा, कुठली कळशी दिलीत?"

"ती तिकडची. झाकण चांगलं होतं. हंडा सायकलवर कसा नेणार तो?"

"अप्पा, तुम्ही आईचे देव दिलेत."

ते हसले. मग माझ्याकडे बघितलं. मग जन्मात पहिल्यांदा नीट त्या देव्हाऱ्याकडे बघितलं. "कुठे गेले?" म्हणाले. मी सांगितलं. अप्पा खाली बसले. "सगळे?" त्यांनी विचारलं, आणि मला असं हसू फुटलं की मी भिंतीला टेकून खाली घसरले. चौघंही सायकलवर बसून रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला गेले होते. मिलिंद नंतर सांगायचा, रस्ताभर काहीतरी खुळखुळत होतं, मला वाटलं मडगार्ड सुटलं. अप्पाही हसायला लागले, आणि आम्ही दोघं हसतोय तोवर जिन्यात आईच्या चपला वाजल्या. मग धावपळ. पिण्याच्या पाण्याची कळशी कोपऱ्यात, तिचं झाकण तिच्यावर, फूल झाकणावर. आई दारात आली तेव्हा आम्ही दोघं इतके सज्जनासारखे बसलो होतो की तिने विचारलं, "काय फोडलंत?"

संध्याकाळी तिने दिवा लावला. नुसत्या पाण्याच्या कळशीपुढे बसली, डोळे मिटले, ओठ हलत होते. मी अप्पांकडे बघितलं. रोज सकाळी ज्यासाठी ते घसा फोडायचे, ते आज त्यांच्या हातात आलं होतं. फक्त उठायचं आणि झाकण काढायचं. तिथे काहीच नाही, हे आता शंभर टक्के खरं होतं आणि दाखवताही आलं असतं. अप्पा उठले. त्यांनी जाऊन रेडिओ बंद केला, तिचं होईपर्यंत तो बंद ठेवला आणि उभेच राहिले.

सकाळी ते ऑफिसला न जाता पश्चिमेला गेले. मीही दांडी मारली. तासाभराने परत आले ते रिकाम्या हातांनी, चेहरा पडलेला. मला गॅलरीत ओढून हळू आवाजात सांगितलं. गमरेबाईंनी पाणी माठात ओतताना देव हाताला लागले. बाई भयंकर चिडल्या होत्या. त्यांना वाटलं, हे आमच्याकडून मुद्दाम झालंय, पाण्याच्या नावाखाली त्यांच्या घरात देव घुसवलेत. अप्पांनी परोपरीने सांगितलं की मला माहीतच नव्हतं, मी तर देव मानतच नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "मग तुमच्या हातात कशाला देऊ? तुम्ही मानत नाही, मी मानत नाही, आपण दोघांनी त्यांची देवाणघेवाण करायची हे बरं दिसत नाही. ज्यांचे आहेत त्यांना पाठवा. मला त्यांच्याशी बोलायचंय." अप्पा म्हणाले, "नंदू, ती बाई हेडमास्तरीण होणार बघ." आणि मग म्हणाले, "आता तुझ्या आईला सांगावं लागणार."

सांगितलं त्यांनीच. आई नुकती घंटा खाली ठेवत होती. अप्पा तिच्या शेजारी जमिनीवर बसले, त्या कोपऱ्यात कधीच बसले नव्हते ते, आणि म्हणाले, "अगं, त्या कळशीत काही नाहीये." रोजचंच वाक्य, पण आवाज असा होता की आईने झाकण उचलून आत बघितलं. अप्पांनी सगळं सांगितलं. आई पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. अप्पांनी घाबरत घाबरत म्हटलं, "काल संध्याकाळी तू नुसत्या पाण्यापुढे..."

"मग काय झालं?" आई म्हणाली. "मी पाण्याला थोडीच सांगत होते? इतकी वर्षं काय पितळेला सांगत होते?"

"मग कोणाला?"

"ते मला तरी कुठे दिसलंय," आई म्हणाली आणि उठली. "चला. पातळ बदलते."

या तिच्या उत्तरावर मी आयुष्यभर विचार केलाय. देव आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मिलिंद म्हणतो, पुरावा नाही. मी म्हणते, नाहीच. पण आई वेडी नव्हती, भोळी तर त्याहून नव्हती. तिचं गणित एवढंच होतं की ज्याला सांगितलं की आपल्याला हलकं वाटतं, त्याचा चेहरा बघायचा हट्ट धरू नये. हे पटण्यासारखं आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मला घावणं खाताना पटतं, एरवी नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं गमरेंकडे गेलो. एक खोली, पुढे छोटं स्वयंपाकघर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, टेबलावर मुलांचे पेपर. पेपर बाजूला सारून मधे स्टीलचं ताट, ताटात स्वच्छ पंचा, आणि पंच्यावर आमचे चौघं ओळीने कोरडे होऊन पडलेले. मिलिंद दाराला टेकून उभा होता. गमरेबाई सडपातळ, चष्मा, अंबाडा. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि विषयालाच हात घातला.

"तुम्ही पाठवलेत का हे?"

"बाई, मी माझे देव दुसऱ्याकडे पाठवीन का?" आई म्हणाली. "मला करमेल का त्यांच्याशिवाय?"

बाई थोड्या सैल झाल्या. म्हणाल्या, "स्पष्ट बोलते. मुलगी चांगली आहे, माझ्या मुलाला आवडते. पण ज्या देवांच्या पायरीवर माझ्या सासऱ्यांना उभं राहू दिलं नाही, त्यांना मी माझ्या घरात जागा देणार नाही. सासऱ्यांनी आपल्या हाताने घरातले देव नदीत सोडले होते. उद्या ही देव्हारा घेऊन आली तर मला चालणार नाही."

अप्पा काहीतरी बोलायला गेले, आईने त्यांना हाताने थांबवलं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "माझे देव माझ्याकडे राहतील. पोर तेवढी येईल." मी खुर्चीची कड धरून ठेवली होती. आई काय बोलतेय हे मला कळतच नव्हतं. पोर येईल म्हणजे?

मिलिंदने चहा आणला. बाई म्हणाल्या, "आधीच सांगते, पाणी तुमच्याच कळशीतलं आहे. टँकर आलाच नाही. कालपासून आम्ही तेच पितोय."

"म्हणजे तीर्थच," अप्पांच्या तोंडून निघून गेलं. कुणी हसलं नाही. मी आईच्या हातांकडे बघत होते. खरं सांगते, मला देवाची नव्हे, त्या कपाची भीती होती. आईने कप उचलला, बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायली. "आलं छान लागलंय," म्हणाली आणि बशी पुन्हा भरली.

गमरेबाई तिच्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "एक विचारू? पाण्यात का ठेवले होते?"

"सांगायचं नसतं," आई म्हणाली. "पण आता ते तुमच्याच घरी येऊन पडलेत, तर लपवू कुणापासून. तुम्ही हो म्हणावं म्हणून ठेवले होते."

"मी?"

"नाहीतर कोण? ही म्हणाली, तुम्ही देवाच्या बाबतीत फार कडक. मला झोप नाही. म्हटलं, आमच्यासारख्या देवदेव करणाऱ्यांच्या घरातली पोर या करून घेतील की नाही. ह्यांना लोकांचं पडलेलं. पोरीकडे बघवेना. मग मी काय करणार? जे येतं ते केलं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि हसूही यायला लागलं, आणि दोन्ही एकदम झालं की नाकातून कसा आवाज निघतो ते मिलिंद अजून सगळ्यांना करून दाखवतो. आठवडाभर मी जिच्यावर धुमसत होते, ती माझ्याच बाजूने चार देवांना पाण्यात बसवून बसली होती. अप्पा खिशात रुमाल शोधत होते.

गमरेबाईंनी चष्मा काढला, पुसला. "देवाचं ऐकून मी हो म्हणणार नाही हं," त्या म्हणाल्या, पण आवाजात पहिली धार नव्हती. "आणि समजा, मी नाहीच म्हटलं असतं तर?"

"तर बसले असते पाण्यात. काम झाल्याशिवाय त्यांना बाहेर काढायचं नसतं."

सगळ्यांनी ताटाकडे बघितलं. चौघं पंच्यावर पडले होते, अगदी कोरडे.

"कोणी काढले हो?" आईने विचारलं.

"मी," गमरेबाई म्हणाल्या. मग त्यांचा हात तोंडावर गेला आणि हातामागून हसू आलं, मोठं, खोलीभर. "माझ्याच हातून करवून घेतलंत की हो बाई."

"मी कुठे काय केलं?" आई म्हणाली. "मी तर खडवलीला होते." आणि मग त्या दोघी अप्पांकडे बघायला लागल्या.